पुरस्कार दहा लाख डॉलरचा, आणि सांगलीनं नाकारलेले पैसे

आजचा विषय लांबून सुरू होतो, पण येऊन पोचतो थेट आपल्या सांगलीत.

अमेरिकेत ‘ओपस प्राइझ’ नावाचा एक पुरस्कार आहे. २००४ पासून तो कॅथलिक विद्यापीठांच्या साथीनं दिला जातो. रक्कम दहा लाख डॉलर! आणि गंमत म्हणजे यासाठी अर्ज करता येत नाही. नावं गुपचूप सुचवली जातात, मग विद्यापीठातली मुलं आणि प्राध्यापक त्या माणसाच्या गावी जाऊन काम बघून येतात. मला यातलं हे जाऊन बघणं सगळ्यात आवडतं.

२००९ मध्ये तो आयशा एश-शन्ना यांना मिळाला. मोरोक्कोच्या, मुस्लिम. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींना तिथे घर बंद व्हायचं. आयशाबाईंनी कासाब्लांकात त्यांना स्वयंपाकासारखी कामं शिकवली, कमावतं केलं, म्हणजे पोटचं मूल सोडून द्यायची वेळ येऊ नये.

अशी माणसं आपल्याकडे शोधायची तर? साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हांची माणदेशी महिला बँक आहे. सह्या न येणाऱ्या बायकांची बँक म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवानगी नाकारली. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. त्यावर एक वेगळा एपिसोड करावा लागेल.

पण मला थांबायचंय सांगलीत. इथे ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून एचआयव्हीवर काम करते. मीना शेषू यांनी सुरू केलेली. धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना कंडोम वाटायचे, माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं, अशी पद्धत. त्यातूनच या बायकांची स्वतःची संघटना झाली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे वॅम्प.

मग २००३ मध्ये अमेरिकेनं कायदा केला: एड्सच्या कामासाठी आमचे पैसे हवेत ना, मग ‘आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत’ असं लिहून द्या. वरवर वाचलं तर यात वावगं काय, असंच वाटतं. पण विचार करा, असा कागद सही करून तुम्ही त्याच बाईच्या दारात गेलात, तर ती दार उघडेल का? आणि वाटणारीच जर धंद्यातली असेल, तर तिनं स्वतःविरुद्धच सही करायची?

२००५ मध्ये ‘संग्राम’नं ते पैसे सोडले. छोट्या शहरातल्या संस्थेला हे परवडणारं नसतं, हे लक्षात घ्या. वॅम्पच्या बायकांचं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. आमची कीव करू नका, सुटका करायला येऊ नका, आधी आम्हाला विचारा.

पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ही अट अमेरिकन संस्थांपुरती रद्द केली. परदेशी संस्थांना मात्र ते संरक्षण मिळणार नाही, असं त्याच कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं.