नमुन्याचा अंदाज आणि त्याची हमी : प्रा. हुजूरबाजार यांचे कार्य

थोड्या नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधणे हे संख्याशास्त्राचे मुख्य काम असून, तो अंदाज विश्वासार्ह केव्हा ठरतो या प्रश्नाच्या गणिती उत्तरात कोल्हापूरचे सुपुत्र प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार (1919–1991) यांचा मोलाचा वाटा आहे.

त्यांच्या संशोधनाचा गाभा कोल्हापूरजवळच्या कागल परिसरातील एका परिचित कामावरून समजून घेता येतो. खरिपाच्या पेरणीपूर्वी शेतकरी घरच्या सोयाबीनचे काही दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. समजा, 10 पैकी 7 दाण्यांना कोंब आले, तर सगळ्या बियाण्याची उगवणक्षमता किती मानावी? ती 50 टक्के धरल्यास नेमके 7 दाणे उगवण्याची शक्यता सुमारे 11.7 टक्के, 90 टक्के धरल्यास 5.7 टक्के, तर 70 टक्के धरल्यास 26.7 टक्के येते. हाती आलेला निकाल ज्या किमतीमुळे सर्वाधिक शक्य ठरतो, ती किंमत स्वीकारण्याच्या या रीतीला ‘महत्तम लाइकलिहुड’ म्हणतात. तसेच कोणते दाणे उगवले हे न नोंदता केवळ 7 हा आकडा ठेवला, तरी उगवणक्षमतेविषयीची माहिती घटत नाही, म्हणून अशा आकड्याला ‘पर्याप्त’ म्हणतात. हुजूरबाजार यांच्या 1976 च्या ग्रंथाचा विषय ही पर्याप्तताच आहे.

गुंतागुंतीच्या प्रश्नांत मात्र महत्तम लाइकलिहुडची किंमत शोधण्याच्या समीकरणाला अनेक उत्तरे संभवतात. काही अटींखाली, नमुना वाढत जाईल तसतसे खऱ्या किमतीकडे सरकणारे, म्हणजेच ‘सुसंगत’, उत्तर अस्तित्वात असते, हे संख्याशास्त्रज्ञ हाराल्ड क्रामेर यांनी 1946 मध्ये दाखवले होते. असे उत्तर एकच असते आणि तेथे लाइकलिहुड, म्हणजे हाती आलेला निकाल मिळण्याची शक्यता, शिखरावर असते, हे हुजूरबाजार यांनी 1948 मध्ये सिद्ध केले. केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवून परतल्यावर त्यांनी 1953 मध्ये पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि 1976 पर्यंत त्याची धुरा वाहिली. त्यांना 1960 मध्ये केंब्रिजचे अॅडम्स पारितोषिक व 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले.

कागलच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आज कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळच आहे. तेथे शिकताना सूत्र वापरण्यापूर्वी ते कोणत्या अटींवर खरे ठरते, हे त्यांनी आवर्जून तपासावे.