एका ओंडक्यातली दोन लाकडं

1545 मध्ये बुडालेली ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका 1982 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रतळातून वर काढली गेली. तिच्यात शंभराहून अधिक लाकडी धनुष्यं सापडली. बहुतेक माणसापेक्षा उंच, आणि यू या सूचिपर्णी झाडाची.

यूच का? धनुष्य वाकवलं की त्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, तिरंदाजाकडची दाबली जाते. यूचं सालीलगतचं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं आणि तांबूस गाभा दाब. म्हणून कारागीर ओंडका असा फोडतो, की दोन्ही थर एकाच दांड्यात येतील. निसर्गाने केलेली ही जोडणी मला विलक्षण वाटते.

खरं कसब पुढेच. दांडा थोडा वाकवायचा, कमान निरखायची, ताठ वाटेल तिथेच तासायचं, पुन्हा वाकवायचं. हात अतिशय हलका हवा, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी 10 टक्के घटली, तर ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो.

चांगलं यू इंग्लंडला पुरेना. 1472 च्या कायद्याने परदेशी माल आणणाऱ्या जहाजांवर धनुष्याचे दांडे आणण्याची सक्ती झाली, आणि युरोपातली यूची जंगलं विरळ होत गेली.