आधी मूळ, मग डोळा

जानेवारी उजाडला की हिमाचल प्रदेशातले बागवान रोपवाटिकांच्या वाटेला लागतात. सोलनजवळ नौणीला १९८५ साली स्थापन झालेलं डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या आणि वानिकी विद्यापीठ आहे. तिथे दर हिवाळ्यात फळझाडांच्या कलमांची विक्री होते. नोंदणीकृत खासगी रोपवाटिकांतही याच दिवसांत गर्दी असते. विक्रीला ठेवलेला माल पाहून मराठी शेतकरी मात्र चक्रावेल. पिशवी नाही, मातीचा गड्डा नाही, एक पानसुद्धा नाही. बोटभर जाडीची, कमरेएवढी किंवा थोडी जास्त उंच काठी, खाली तपकिरी मुळांचा झुपका, अशा काठ्यांची जुडी आणि मुळांभोवती ओलं गोणपाट. हेच सफरचंदाचं कलम.

आपल्याकडे आंब्याचं किंवा डाळिंबाचं कलम मातीसकट पिशवीत येतं आणि पावसाचा रंग बघून खड्ड्यात जातं. आठवडाभर इकडेतिकडे झालं तरी निभावतं. उघड्या मुळांच्या कलमाला ही सवलत नाही. ते कधी उपटायचं, किती दिवस धरून ठेवायचं आणि कोणत्या दिवशी लावायचं, यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं अवलंबून असतात. पंचांगात याचा मुहूर्त सापडत नाही. तो तीन ठिकाणी शोधावा लागतो: काठीवरच्या डोळ्यात, खड्ड्यातल्या मातीत आणि आभाळात.

मातीविना झाड हलकं होतं आणि लांबचा प्रवास करू शकतं. हिमाचलच्या सफरचंदाची गोष्टच अशा प्रवासाची आहे. फिलाडेल्फियाहून १९०४ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी आलेले सॅम्युएल स्टोक्स शिमल्यापुढच्या कोटगढ भागात स्थायिक झाले. इंग्रजांनी आणलेली सफरचंदं या डोंगरांत आधीपासून होती, पण त्यांतली बरीचशी आंबटसर. स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेची रेड डेलिशियस जातीची कलमं थानेदार इथल्या आपल्या जमिनीत लावली आणि शेजाऱ्यांनाही लावायला शिकवलं. पुढे असहकार चळवळीत तुरुंगात गेलेले आणि सत्यानंद हे नाव घेतलेले स्टोक्स ते हेच. आज साधारण दीड हजार ते पावणेतीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात या राज्याचं अर्थकारण ज्या फळावर फिरतं, त्याचं व्यापारी बस्तान त्या कलमांपासून बसलं.

झाड झोपलेलं असताना हलवायचं, हे या कारागिरीचं पहिलं सूत्र. शरदात पानं गळण्याआधी झाड पानांतलं बरंचसं सत्त्व खोडामुळांत ओढून घेतं, म्हणून पानगळ पुरी होण्याआधी कलम उपटणारा रोपवाटिकावाला घाई करतो आहे असं खुशाल समजावं. उपटताना कितीही काळजी घेतली तरी केसासारखी बारीक, पाणी शोषणारी मुळं जमिनीतच राहतात. हाती येतात ती जाड मुळं. पानं नसल्यामुळे झाडाला पाण्याची मागणी जवळजवळ नसते आणि तेवढ्यावर ते तग धरतं. पण हा तह तात्पुरता आहे. डोळे फुटून पानं बाहेर आली की पाणी लागणारच, आणि तोवर तुटलेल्या मुळांच्या टोकांना नवी पांढरी मुळं फुटलेली हवीत. ती नसतील तर चूल पेटायच्या आधी पंगत बसवल्यासारखं होतं. काठीत साठवलेल्या अन्नावर पानं येतात, आठ-दहा दिवस टवटवीत दिसतात आणि एप्रिलच्या उन्हात माना टाकतात. बागवान मग रोगाला किंवा रोपवाटिकेला दोष देतो. खरी चूक बहुतेक वेळा तारखेची असते.

मूळ आणि डोळा यांची घड्याळं वेगळी चालतात, हे समजलं की तारखेचं गणित सुटतं. डोळ्याला आधी थंडी मोजून घ्यायची असते. सात अंश सेल्सिअसखालचे तास त्याच्या हिशेबात धरतात, आणि डेलिशियस गटातल्या जातींना असे हजार-बाराशे तास लागतात. हा कोटा भरेपर्यंत मध्येच चार दिवस ऊन पडलं तरी डोळा हलत नाही. कोटा भरला की मात्र तो फक्त उबेची वाट बघत असतो. फेब्रुवारीत दुपारी अंगातलं स्वेटर काढावंसं वाटू लागलं की समजायचं, आता डोळा कधीही दगा देईल. मुळाला असल्या कोट्याची गरज नाही. मातीचं तापमान साधारण सहा-सात अंशांपलीकडे गेलं की ते काम सुरू करतं. थंडीचा कडाका ओसरून डोळा फुटेपर्यंत मधे काही आठवडे उरतात. कलम जमिनीत जायचं ते याच फटीत, आणि तिच्या शेवटी जाण्यापेक्षा सुरुवातीला गेलेलं केव्हाही चांगलं.

तरीही जानेवारीची सुट्टी मिळाली म्हणून लावून टाकलं, असं चालत नाही, कारण मधे माती उभी असते. बर्फ वितळल्यावर डोंगरउतारावरची माती चिखल होते. अशा मातीत खड्डा भरला आणि पायाने दाबला की मुळांभोवती विटेसारखी भिंत तयार होते. इथे आपला वाफसा कामी येतो. खड्ड्यातून मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. लकाकणारा, बोटांना चिकटणारा गोळा झाला तर फावडं बाजूला ठेवायचं. गोळा झाला पण अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर तो दिवस आपला. एकाच गावात हा दिवस दोनदा येतो. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आधी उघडतो, तर उत्तरेकडच्या सावलीत बर्फ आणखी बरेच दिवस बसून राहतं. माती लवकर तयार व्हावी म्हणून जाणते बागवान मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे महिना-दोन महिने आधीच खणून, शेणखत घालून, भरून ठेवतात.

कलम आलं आणि माती तयार नसली तर? मग झाडालाच थोपवायचं. सावलीच्या बाजूला चर खणायचा, जुडी सोडून कलमं तिरपी मांडायची आणि मुळं ओल्या वाळूने किंवा मातीने पूर्ण झाकायची. जुडी तशीच गाडली तर मधल्या कलमांची मुळं हवेत राहून वाळतात. लावण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात. खोडाची साल नखाने हलकेच खरवडली तर आत हिरवं दिसलं पाहिजे. बारीक मुळाचं टोक छाटलं तर काप पांढरा, ओलसर हवा. तपकिरी, कोरडा काप म्हणजे कलम वाटेतच गेलं.

रोपवाटिका कुठे आहे, हाही प्रश्न विचारावा. खालच्या उबदार खोऱ्यातलं कलम वरच्या बागेपेक्षा लवकर जागं होतं. मार्चमध्ये डोळे हिरवे झालेलं कलम वर नेऊन लावलं तर रात्रीचं दव गोठून कोवळं टोक जळतं. म्हणून बाग जितकी उंचावर, तितकं खालून येणारं कलम लवकर वर न्यायचं आणि तिथल्या थंडीत गाडून थांबवायचं.

लावण्याच्या दिवशी वाऱ्यात मुळं उघडी पडता कामा नयेत, कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे आणि माती मुळांच्या बोटाबोटांत शिरली पाहिजे. शेंडा गुडघ्याच्या बराच वर, सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर छाटतात. हिमाचली बागवान ज्याला ‘तौलिया’ म्हणतात ते आळं करून वर वाळल्या गवताचं आच्छादन घालतात.

आता या जुन्या हिशेबात नवी कलमं आली आहेत. बियांपासून वाढवलेल्या खुंटावरची झाडं सात-साडेसात मीटरवर लागत आणि फळाला सहा-आठ वर्षं घेत. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने निवडलेल्या एम-९ सारख्या बुटक्या खुंटावरची झाडं जेमतेम मीटरभर अंतरावर बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतात. पण एम-९ची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात. त्याला जन्मभर तारेचा आधार लागतो आणि वरचा थर वाळला की त्याचा घसाही वाळतो. २०२४चा जानेवारी हिमाचलमध्ये जवळपास कोरडा गेला. अशा वर्षी माती उघडी आणि हलकी मिळते, हात शिवशिवतात. पण खाली ओल नसते. पाण्याची सोय नसेल तर बुटक्या खुंटाचं कलम घेऊ नये, आणि सोय असेल तर ठिबकची नळी कलमाच्या आधी खड्ड्याशी पोहोचलेली असावी.

हे सारं आता महाराष्ट्राच्याही कामाचं झालं आहे. हिमाचलमधल्याच बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागात कमी थंडीवर येणारी एचआरएमएन-९९ ही जात निवडली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ही आणि अशीच कमी थंडीची कलमं नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्यांनी लावून पाहिली आहेत. आपल्याकडे मातीचं गोठणं नाही, चिखलाचीही अडचण नाही. आपली फट दुसऱ्या टोकाला बंद होते, कारण फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं. हिमाचलमध्ये फेब्रुवारीत लावलेलं कलम वेळेवर ठरेल, तेच इथे उशिराचं. आपल्याकडे ते डिसेंबरअखेर ते जानेवारीतच जमिनीत गेलं पाहिजे.

तेव्हा कलम मागवताना जातीचं नाव आणि किंमत विचारून फोन ठेवू नका. खुंट कोणता, कलम कोणत्या तारखेला उपटलं आणि वाटेत मुळं कशात गुंडाळलेली असतील, हे तीन प्रश्न विचारा. खड्डे आधी भरून ठेवा. आणि जुडी उघडल्यावर डोळे हिरवे दिसले तर ‘किती ताजं कलम आलं’ म्हणून खूश होऊ नका. ते परत करा आणि पुढच्या हिवाळ्याची वाट बघा. एक वर्ष थांबलेलं परवडतं. उशिरा लावलेल्या झाडाची पाच वर्षं वाट बघून मग ते उपटणं परवडत नाही.