ओल्या मांडणीनें निगेटिव्हची प्रत घेणें

महाडनजीक गांधारपाले येथील लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. असे लेख मूळ दगडासमोर उभें राहून वाचावे हें खरें. पण दगड झिजतो, आणि पूर्वी घेतलेलें छायाचित्र हेंच कालांतरानें स्वतंत्र साधन होऊन बसतें. मोडी कागदांचीहि तीच गोष्ट. जुलै २०२१ मध्यें सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें. तेव्हां कागदाचा भरंवसा किती धरावा हें महाड-पोलादपूरकडील संग्राहकांस निराळें सांगावयास नको. ज्यांच्यापाशीं मोठ्या मापाच्या निगेटिव्ह असतील त्यांनीं त्यांच्या प्रती स्कॅनरवर कशा घ्याव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ब्राह्मींत अनुस्वार म्हणजे अक्षराजवळचा एक ठिपका. आणि फिल्मवरील ओरखड्याचा तुकडाहि ठिपक्यासारखाच दिसतो. फिल्म कोरडीच ठेविली असतां ओरखड्याच्या कडांशीं प्रकाश वांकतो व तेथें खूण उमटते. शिवाय फिल्म आणि कांच यांमधील हवेच्या पातळ थरामुळें न्यूटनचीं वलयें पडतात. हवेचा वक्रीभवनांक १, फिल्मचा व जिलेटिनचा सुमारें १.५; ही तफावत नाहींशी करणें हेंच ओल्या मांडणीचें मर्म. तितक्याच वक्रीभवनांकाच्या जवळचा द्रव ओरखड्यांत भरला म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीनें ओरखडा उरतच नाहीं.

याकरितां स्वतंत्र कांच घ्यावी. स्कॅनरची स्वतःची कांच भिजवूं नये, द्रव कडेनें आंत उतरतो. याच कामासाठीं मिळणारा द्रव कांचेवर थोडा सोडून, चित्राचा थर खालीं करून, फिल्म एका कडेनें हळूहळू टेकवावी. वर पुनः द्रव व त्यावर पॉलिएस्टरचा पारदर्शक पापुद्रा घालून मऊ रुळानें बुडबुडे कडेकडे सारावे. कांचेची उंची थोडथोडी बदलून अक्षर कोठें सर्वांत रेखीव येतें तें पाहावें. द्रव ज्वालाग्राही असतो. खिडकी उघडी असावी व जवळ दिवा-उदबत्ती नसावी. ४×५ इंची निगेटिव्ह इंचास २४०० बिंदूंनीं घेतली तर साडेअकरा कोटी बिंदू होतात व १६ बिटांत ती प्रत सुमारें २३० मेगाबाइट भरते.

धूळ आपोआप पुसणारी स्कॅनरमधील अवरक्त योजना येथें निरुपयोगी आहे, कारण कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त किरण अडविते. संगणकावर ठिपके पुसणें तर अधिकच घातक. त्यांत अनुस्वारहि जावयाचा! त्यापेक्षां प्रथम कोरडी व मग ओली अशा दोन्ही प्रती घेऊन ताडून पाहाव्या. ओल्या प्रतींत नाहींसा झालेला ठिपका दगडाचा नव्हे, हें निश्चित. उरलेला मात्र दगडाचाच असेल असें नाहीं: धुळीचा कण व चित्राच्या थरांतील खरवड द्रवानें जात नाहीं. तो भिंगाखालीं फिल्मवरच तपासावा.

सर्वच निगेटिव्ह या पद्धतीस योग्य नसतात. १९५० पूर्वीची फिल्म नायट्रेटची असूं शकते. ती अत्यंत ज्वालाग्राही असल्यानें तज्ज्ञाकडेच सोंपवावी. शिरक्याचा वास येणारी, सुरकुतलेली अथवा पोपडे सुटलेली फिल्म भिजवूं नये. छायाचित्रकारानें लाखेचा लेप देऊन वा पेन्सिलीनें डागडुजी केली असेल तर तीहि द्रवानें निघून जाण्याचा संभव असतो. कोंकणच्या दमट हवेंत बुरशी चढलेली निगेटिव्ह पाण्यानें धुण्याचा मोह होतो, तो आवरावा. बुरशीनें खाल्लेलें जिलेटिन पाण्यांत विरघळतें, आणि त्याबरोबर अक्षरेंहि जातात.