वायरकटचा जॉब मापात का बसत नाही?

धुळे-मालेगावकडे यंत्रमाग आणि जळगावकडे प्लॅस्टिक चटई व पाइप, हा आपल्या भागातील मोठा कारखानदारीचा व्याप. या कारखान्यांना लागणारे सुटे भाग, पत्रा कापण्याच्या डाय आणि पंच अनेक ठिकाणी लहान वर्कशॉपवालेच तयार करतात आणि त्यांत आपले कारागीर बंधू पुष्कळ आहेत. लेथ, ड्रिल, शेपर यांवरील काम कारागीर स्वतः करतो. परंतु प्लेट हार्ड करून आणल्यावर तिच्यातील आकार कापायला वायरकट मशीनच लागते. पारोळ्यासारख्या गावचा कारागीर ती प्लेट पिशवीत घालून एस.टी.ने शहराकडे जातो, दोन दिवसांनी जॉब घेऊन येतो आणि जोडायला बसतो तर पंच डायमध्ये उतरत नाही, किंवा इतका सैल बसतो की कापलेल्या पत्र्याला बर येते. अशा वेळी स्टीलचा पैसा जातो, हार्डनिंगचा जातो, वायरकटची मजुरी जाते आणि पार्टीला दिलेली तारीखही जाते. शिवाय वर्कशॉपवाला आणि वायरकटवाला यांचे बोलणे बंद होते ते वेगळेच.

मी कापडाचा व्यापारी. लोखंडाशी माझा संबंध एवढाच, की आमच्या बाजारात असा वाद झाला की दोन्ही बाजूंचे लोक पंच म्हणून बोलावतात. त्या निमित्ताने जाणकार उस्तादांना विचारून जे समजले ते येथे देत आहे.

या मशीनमध्ये करवत नाही. केसासारखी बारीक पितळी तार वरून खाली सरकत असते आणि तार व लोखंड यांच्यामध्ये विजेच्या ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी लोखंडाचा कण खाते. ठिणगीने धातू झिजतो ही गोष्ट कामाला लावली ती १९४३ साली सोव्हिएत रशियातील लाझारेंको पती-पत्नीने. आज आपल्याच राज्यात, पुण्यात, अशी मशीन बनतात. तार लोखंडाला लागत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे, कारण मापाचे बहुतेक घोटाळे तेथेच सुरू होतात. तार ०.२५ मिलिमीटरची असेल तर तिचा निम्मा भाग ०.१२५, आणि ठिणगीची फट बाजूला समजा ०.०३, म्हणजे तार रेषेपासून ०.१५५ दूर ठेवावी लागते. याला ऑफसेट म्हणतात. फट अंदाजापेक्षा वाढली तर पंच लहान होतो आणि डायचे छिद्र मोठे होते. बाजूला एक शतांश चुकले तर मापात दोन शतांश दिसतात, कारण बाजू दोन असतात.

आमच्याकडे आलेला एक वाद असाच होता. एक मिलिमीटर पत्र्याची डाय, पंच आणि डायमध्ये बाजूला ०.०५ क्लिअरन्स हवा होता, प्रत्यक्षात ०.०९ झाला. वर्कशॉपवाला म्हणे मशीन खराब, वायरकटवाला म्हणे ड्रॉइंग चुकीचे. मी दोघांना म्हटले, बोलणे थांबवा आणि मापे घ्या. पंचाची ३० मिलिमीटरची बाजू ०.०४ ने कमी भरली आणि ८० मिलिमीटरची बाजूही ०.०४ नेच कमी भरली. लहान मापात आणि मोठ्या मापात चूक सारखीच, तेव्हा दोष ऑफसेटचा. ड्रॉइंग निर्दोष ठरले. मग त्याच प्लेटच्या उरलेल्या कोपऱ्यातून त्याच सेटिंगवर १० मिलिमीटरचा चौकोन कापला. तो ९.९६ भरला. टाकीतील पाण्याची वाहकता तपासली तर ती वाढलेली निघाली, कारण पाणी शुद्ध करणारे रेझिन संपले होते. पाण्यातून वीज जास्त वाहू लागली की ठिणगीची फट रुंदावते. डाय तशीच ठेवून तिच्या छिद्राला जुळेल असा थोडा मोठा पंच नव्याने कापला. पार्टीला पत्र्याच्या तुकड्यात चार शतांश वाढलेले चालत होते म्हणून हे जमले. मजुरी वायरकटवाल्याने सोडली, स्टील वर्कशॉपवाल्याने दिले.

प्रत्येक चूक मात्र ऑफसेटची नसते. माप जसे लांब तशी चूक वाढत गेली तर मशीनचा स्क्रू किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्यावा. देशोदेशी मापाचे प्रमाण तापमान २० अंश धरतात; आपल्याकडे मे महिन्यात काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. थंड पाण्यातून नुकताच काढलेला जॉब आणि टेबलावर तापलेला मायक्रोमीटर यांत १८ अंशांचा फरक असला, तर १०० मिलिमीटर स्टीलमागे सुमारे ०.०२ चा फरक नुसत्या उष्णतेने दिसतो. दोन्ही वस्तू तासभर शेजारी ठेवून मग मापावे. आणि व्हर्नियरवर असे भांडण सोडवू नये. साध्या व्हर्नियरचे लघुतम मापच ०.०२ असते.

पंच वर एका मापाचा आणि खाली जाड असेल तर तार फार हळू सोडली असावी. ती खाली येईपर्यंत झिजून बारीक होते. तार उभ्या रेषेत नसली तरी असाच उतार येतो. जाड जॉब मधल्या भागात मापाबाहेर जात असेल तर तारेचा ताण आणि पाण्याची धार पाहावी. काही स्वस्त मशीनवर पितळी तारेऐवजी मॉलिब्डेनमची तार पुन्हा पुन्हा फिरवतात. ०.१८ ची तार काम करता करता बारीक होत जाते, तेव्हा सकाळचा पंच बरोबर आणि संध्याकाळचा मोठा, असा प्रकार घडतो. तेथे दर मोठ्या जॉबआधी तार मापणे हाच उपाय.

सर्वांत अवघड दुखणे प्लेटमधील ताणाचे. कोरा मांजरपाट न धुता शिवला तर पहिल्या धुण्यात आटतो, मग गिऱ्हाईक शिंप्याला दोष देते. हार्ड केलेल्या प्लेटचेही तसेच आहे. हार्डनिंगमध्ये तिच्या अंगात ताण राहतो आणि तारेने काठापासून चीर घालताच ती उघडते किंवा मिटते. मशीनवर माप बरोबर, क्लॅम्प सोडला की चुकीचे, हे याचे लक्षण. यात वायरकटवाल्याचा दोष थोडाच असतो. हार्डनिंगनंतर टेम्परिंग नीट करून घ्यावे, आणि तार आत घालण्याचे छिद्र प्लेट हार्ड करण्यापूर्वीच पाडून ठेवावे, म्हणजे काठ फोडावा लागत नाही. पहिल्या कापात थोडे मटेरियल सोडून प्लेटला हलू द्यावे आणि मग बारीक फिनिशिंग कट घ्यावेत. दोन-तीन कटांची मजुरी जास्त पडते म्हणून आपले लोक एकाच कटात काम मागतात. महाग प्लेटच्या बाबतीत ही काटकसर मला पटत नाही.

ज्यांच्या घरातील मुले या धंद्यात येऊ पाहतात त्यांनी छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करावी. केंद्र सरकारच्या या संस्थेत टूल आणि डाय बनवण्याचे रीतसर शिक्षण मिळते.

जॉब देताना चलनावर मटेरियल, प्लेटची जाडी, हार्डनेस आणि किती कट हवेत हे लिहावे. ड्रॉइंगच्या मापात क्लिअरन्स धरलेला आहे की वायरकटवाल्याने धरायचा आहे, हेही स्पष्ट लिहावे. पुष्कळदा दोघेही धरतात किंवा दोघेही सोडतात. त्याच प्लेटचा दहा मिलिमीटरचा चौकोनी तुकडा जॉबच्या आधी कापून, मापून, चलनाला बांधून द्यावा अशी अटही घालावी.