पावसाचं पासबुक



मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, की बातम्यांत आपल्या ब्रह्मपुरीचं नाव हमखास येतं. इथे हवामान खात्याचं केंद्र आहे, म्हणून हा आकडा कळतो. पण अशी केंद्रं फक्त ऊनच मोजत नाहीत. देशात कुठे किती पाणी उरतं, याचा नकाशाही त्यांच्याच आकड्यांवरून तयार होतो. तो कसा, ते आज पाहू.

आपल्या बचत गटाचं पासबुक आठवा. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. पाण्याचंही तसंच. पाऊस ही जमा. ऊन आणि वारा जमिनीतून, पिकांतून, झाडांतून जे पाणी उडवून नेतात, तो खर्च. माती म्हणजे आपला गल्ला. गल्ला भरला, की वरचं पाणी नाल्याने वाहून वैनगंगेला जातं. जमा थांबली, की गल्ल्यातून खर्च सुरू होतो.

केंद्रावर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात. काही केंद्रांवर पाण्याने भरलेलं पसरट गोल भांडं उघड्यावर ठेवतात. काल त्यातलं किती पाणी उडालं, यावरून खर्चाचा अंदाज येतो. १९४८ साली थॉर्नथ्वेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तापमान आणि दिवसाची लांबी यांवरून हा खर्च काढायची रीत मांडली. तीच रीत वापरून व्ही. पी. सुब्रह्मण्यम यांनी १९५६ साली भारताच्या पाण्याचा ताळेबंद मांडला.

आता आपल्या बांधीत या. आपल्या भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग धान वाळतो कसा? कारण पासबुक वर्षाचं नाही, महिन्याचं पाहायचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये गल्ला भरून वाहतो. पण समजा, ऑक्टोबरमध्ये पाऊस पडला ३० मिलिमीटर आणि खर्च झाला १२०. उरलेले ९० कोण देणार? आधी माती, मग बोडी. दोन्ही रिकामी असतील, तर लोंबीत दाणा भरत नाही. जुलैत वाहून गेलेलं पाणी तेव्हा परत येत नाही. मालगुजारी तलाव आणि बोड्या बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

नकाशाची एक मर्यादाही ध्यानात ठेवा. केंद्र असतं एका ठिकाणी. दोन केंद्रांमधल्या गावांचा आकडा हिशेबाने काढलेला असतो. आणि सर तर एका शिवारात येते, दुसऱ्यात येत नाही! म्हणून आपल्या गावाचा पाऊस आपणच मोजावा.

त्यासाठी सरळ उभ्या बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं घ्या. झाडापासून आणि पाखीपासून दूर, मोकळ्या जागी पक्कं बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरभर बांधीत दहा मिलिमीटर पडला, तर चाळीस हजार लिटर!

अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळाच्या केंद्राचाच आकडा पाहतात, आपली वही तिथे चालणार नाही. पण घरचा निर्णय घ्यायला ती नक्की चालते. दोन-तीन वर्षं लिहिलं, की ऑक्टोबरमध्ये गल्ला किती रिकामा होतो ते दिसेल. मग पऱ्हे टाकायच्या आधीच ठरवता येईल: उंच बांधीत लवकर निघणारा हलका धान घ्यायचा, की बोडीच्या भरवशावर भारी धान. बोडीचा गाळ काढायचा विषय ग्रामसभेत मांडायचा असेल, तर हातात आकडे असतील.

गटाच्या पैशाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. यंदा मिरगाच्या आधी एक वही पावसाचीही घाला.