कृपा, पाप आणि नीतिमत्त्व

चार मित्र एकत्र बसून एखादा धर्मग्रंथ वाचूं लागले, म्हणजे त्यांना पहिली अडचण शब्दांची येते. शब्द अपरिचित असला तर कोश उघडतां येतो. पण तो अतिपरिचित असला म्हणजे कोश उघडण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं, आणि प्रत्येकजण आपलाच अर्थ ग्रंथकाराच्या तोंडीं घालून मोकळा होतो. मराठी बायबलांतील कृपा, पाप आणि नीतिमत्त्व ह्या तीन शब्दांचें असेंच होतें.

वाशीम जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. ह्या जिल्ह्यांतील कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथील दत्तभक्ताच्या कानीं 'कृपा' हा शब्द पडतांच त्याला गुरुकृपा आठवते. शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें जैन तीर्थ आहे. जैन श्रावकाच्या दृष्टीनें पाप म्हणजे आत्म्याला चिकटलेलें कर्म, आणि त्याची निर्जरा ज्याची त्यानेंच तपानें करावयाची. खुद्द वाशीम शहरीं नाझरीन मंडळीच्या एका अमेरिकन डॉक्टर बाईंनीं १९३८ सालीं रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केलें. त्या मंडळीच्या उपासनेंत हे तीनहि शब्द नित्याचे आहेत. ह्या तीन ठिकाणचे तीन मित्र एकच पुस्तक पुढें घेऊन बसले, तर वाचणार एक आणि ऐकणार तीन, असा प्रकार होईल. म्हणून "हा शब्द तुम्हांला कसा ऐकूं येतो?" ह्या प्रश्नानेंच अशा अभ्यासाचा आरंभ करावा, हें बरें.

प्रथम पाप. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्द 'हामार्तिया' असा आहे. त्याच्या मुळाशीं नेम चुकण्याची कल्पना आहे. तिरंदाजाचा बाण लक्ष्यावर न लागतां बाजूला जावा, तसें. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत ही कल्पना आणखी खोल नेली आहे. त्याच्या मतें पाप म्हणजे केवळ अमुक एक वाईट कृत्य नव्हे. मनुष्य ज्याच्या ताब्यांत सांपडला आहे असा तो एक धनीच होय. नियमशास्त्र जाणणारा आणि न जाणणारा असे दोघेहि त्याच धन्याचे अंकित. हें ध्यानांत आलें, म्हणजे पापपुण्याच्या जमाखर्चाची सवयीची वही येथें चालत नाहीं, हेंहि ध्यानांत येतें. कारण जमेची बाजू लिहिणारा हातच पराधीन आहे.

दुसरा शब्द नीतिमत्त्व. मराठी वाचक ह्याचा अर्थ सहजच सदाचार असा करतो, आणि डोंगरावरील प्रवचनांत तो बराचसा लागूहि पडतो. तेथें येशूनें आचाराच्या मागें असलेल्या मनालाच हात घातला आहे. खुनाच्या आधीं क्रोधाची झडती घेतली आहे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नारायण वामन टिळकांना नवा करार दिला, तेव्हां त्यांच्या मनाची पकड घेतली ती ह्याच प्रवचनानें. पुढें १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पौलाच्या पत्रांत हाच शब्द न्यायसभेंतून येतो. ईश्वर मनुष्याला विश्वासामुळें निर्दोष ठरवितो, आपल्यापुढें ताठ उभें राहण्याचा अधिकार देतो, असा तेथील भाव आहे. ह्या ठरविण्याचा आणि प्रत्यक्ष आचरणाचा संबंध काय, ह्यावर सोळाव्या शतकांत युरोपची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. रोमन कॅथॉलिक चर्च आणि ल्यूथरपंथीयांचा जागतिक संघ ह्यांनीं १९९९ सालीं ऑग्सबुर्ग येथें ह्या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या प्रश्नावर एवढ्या मोठ्या संस्थांचा समेट होण्यास साडेचार शतकें लागलीं, तो चार मित्रांना एका संध्याकाळीं सुटला नाहीं, तर त्यांनीं खंत करूं नये.

तिसरा शब्द कृपा. दक्षिणेंतील वैष्णव आचार्यांच्या परंपरेंत ह्यासंबंधीं दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडिणीचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतें, तो मर्कटन्याय. मांजरीच्या पिलाला आईच तोंडांत धरून नेते, तो मार्जारन्याय. ख्रिस्ती मतांतील कृपा ही मार्जारन्यायाच्या अधिक जवळ आहे: ती मनुष्याच्या योग्यतेची वाट पाहत नाहीं. परंतु लगेच शंका येते कीं, सर्व कांहीं फुकट मिळावयाचें, तर मनुष्यानें चांगलें कशाला वागावें? ही शंका पौलानें स्वतःच काढली आणि साफ धुडकावून लावली. ज्याची जुन्या धन्यापासून सुटका झाली, त्यानें पुन्हा त्याच्याच दारीं कां राबावें, असा त्याचा आशय. शाळेंत ज्याला नादारी मिळते, त्याची फी माफ होते, अभ्यास माफ होत नाहीं. उलट थकलेल्या फीची धास्ती गेल्यामुळें त्याला पुस्तकांत मन घालतां येतें. नादारी ही अभ्यासाचें बक्षीस नव्हे. पण अभ्यास हें तिचें साजेसें फळ आहे.

हा भेद केवळ पंडिती नाहीं, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसतें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांचें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थाटन करी, पुराणें सांगे आणि पुण्यासाठीं दानधर्म करी. शेवटीं दुष्काळानें आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. पुढें इंग्लंडांत फुलहॅम येथें पतित मानलेल्या स्त्रियांना भगिनी ममतेनें वागवितात, हें रमाबाईंनीं पाहिलें. त्याचें कारण विचारतां त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकावयास मिळाली. १८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

तरी मनाचें समाधान झालें नव्हतें. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८९१ सालीं, विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हे गृहस्थ धर्मोपदेशकाचें काम करीत असतांच, स्वतः प्रवचन देतांना, पालटले होते. तें वाचून रमाबाईंना उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाहीं. एका पुण्याच्या वहीच्या जागीं त्यांनीं दुसरी वही घेतली होती; वही ठेवून देण्याचें धैर्य आतां आलें.

ह्या मधल्या काळांतील त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. मित्रमंडळींनीं एकत्र अभ्यास कसा करावा, ह्याचा धडा त्यांत आहे. त्रैक्य आणि चर्चचा अधिकार ह्यांविषयीं रमाबाई कठोर प्रश्न विचारीत. सिस्टर जेराल्डीन ह्यांना त्या प्रश्नांत अहंकार दिसे. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र शंकेला शंका म्हणूनच वागवीत आणि उत्तर देत. दोघींचेंहि रमाबाईंवर प्रेम होतें. परंतु ज्या मैत्रींत प्रश्नाचा राग येत नाहीं, तेथेंच अभ्यास पुढें सरकतो.

रमाबाईंनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल साध्या मराठींत उतरविलें. साध्या बायकांना शब्द कळावा, आणि तो जुन्याच अर्थानें ऐकला जाऊं नये, हा त्यांचा कटाक्ष होता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, त्यापूर्वीं तें काम त्यांनीं पुरें केलें होतें. कारंजाचा दत्तभक्त, शिरपूरचा श्रावक आणि वाशीमचा ख्रिस्ती ह्यांचें अशा वाचनानंतर एकमत होईलच, असें नाहीं. परंतु आपला मित्र 'कृपा' म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत काय असतें, एवढें जरी प्रत्येकाला कळलें, तरी ती बैठक वायां गेली, असें कोणी म्हणणार नाहीं.